सोळा डावे हात

"सर, चाळीस मुलांत सोळा मुलं डावखुरी कशी असतील?"

मोनाली गांगुर्डेनं हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला आणि तसाच विसरलो.

मोनाली चौतीस वर्षांची. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. घरी दोन मुली, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली सासू, आणि नवरा द्राक्षांच्या शीतगृहात पाळीच्या कामाला. तिचं बी.एड.चं शेवटचं वर्ष चालू होतं. मी अध्यापक महाविद्यालयातून निवृत्त झालो त्याला दहा वर्षं झाली, तरी अडलं की ती माझ्याकडे येई. मला फार काही येतं म्हणून नव्हे, जवळ राहतो म्हणून.

"डावखुरी म्हणजे?" मी विचारलं. वेळ काढण्यासाठीच विचारलं.

"सराववर्गात मी प्रश्न विचारला की मुलांचे हात वर होतात ना सर. मी मोजले. चोवीस उजवे, सोळा डावे. दुसऱ्या दिवशी तेवीस आणि सतरा. आणि दर वेळी तीच मुलं नसतात. प्रश्न सोपा असला की डावे कमी, अवघड असला की जास्त. खऱ्या वर्गात दहात एखादंच डावखुरं असतं. हो ना?"

"साधारण तसंच."

"उजव्या हाताच्या मुलाला विचारलं की उत्तर बरोबर येतं. डाव्याला विचारलं की ते नुसतं उभं राहतं. आमच्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी सांगतात, उजव्या हातांनाच विचारा, गुण पडतात. मला ब्याण्णव पडले. पण हे असं का, ते कोणालाच माहीत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको कुंदा पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती एकतीस वर्षं शिक्षिका होती. ती हसायला लागली आणि हसता हसता बशा टेकवायला तिला जागा सापडेना.

"अगं, साहेब तपासणीला यायचे असले की आम्हीच शिकवायचो मुलांना! सगळ्यांनी हात वर करायचा. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. वर्ग कसा भरलेला दिसतो! बी.एड.ची मुलं पाठ घ्यायला यायची, घाबरलेली असायची बिचारी, त्यांनाही आम्हीच ही युक्ती द्यायचो. विचार ना तुझ्या सरांना. सर मागच्या बाकावर बसून 'प्रतिसाद उत्तम' लिहायचे."

मोनाली माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

ज्यांचा शिक्षकांच्या शिक्षणाशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शिक्षक व्हायचं तर सराव पाठ घ्यावे लागतात. पाठाचं टाचण काढायचं, खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गासमोर उभं राहायचं, आणि शेवटच्या बाकावर एक निरीक्षक वही घेऊन बसतो. वीस वर्षं तो निरीक्षक मी होतो. पण हळूहळू शाळा वर्ग देईनाशा झाल्या. अभ्यासक्रम संपत नाही म्हणायच्या. आमच्या मुलांवर प्रयोग नकोत, असं पालक म्हणायचे. मग पाठ कागदावरच होऊ लागले. न घेतलेल्या पाठांवर मुख्याध्यापकांचे शिक्के येत. हे सगळ्या विद्यापीठांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

त्यावर उपाय काढला माझ्या मुलीनं. हेमांगी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात आहे. सात वर्षं खपून तिनं सराववर्ग तयार केला. एक जाडसर चष्मा डोळ्यांवर चढवायचा, की तुमच्या समोर वर्ग उभा राहतो: फळा, बाकं, खिडकीतून येणारं ऊन आणि चाळीस मुलं. ही मुलं कुठल्याही खऱ्या मुलाची नक्कल नसतात. यंत्राला शेकडो तासांचं चित्रीकरण दाखवतात. यंत्र त्यातून एवढंच शिकतं की कशानंतर काय येतं. शिक्षकानं फळ्याकडे तोंड केलं की चौथ्या बाकावरची दोघं कुजबुजतात. आवाज चढला की पहिली रांग ताठ होते. उदाहरण लांबलं की कोणीतरी पेन्सिलीला टोक काढायला लागतं. मूल म्हणजे काय, हे यंत्राला ठाऊक नसतं. पुढच्या क्षणी मूल काय करील याचा अंदाज ते बांधतं, आणि तो अंदाज इतका अचूक असतो की आपल्याला समोर मूल दिसतं.

आणि ते शेकडो तास हेमांगीला मी दिले होते.

दोन हजार सोळा साली आमच्या महाविद्यालयानं सराव पाठांचं चित्रीकरण सुरू केलं. कॅमेरा फळ्याजवळ ठेवायचा, तोंड मुलांकडे. अकराशे पाठ झाले. त्या डिस्क आणि माझ्या निरीक्षणाच्या वह्या एका लोखंडी कपाटात होत्या. हेमांगीला इतका मोठा आणि गुण दिलेला साठा दुसरीकडे कुठे मिळाला नसता. कोणता पाठ चांगला आणि कोणता वाईट, हे यंत्र माझ्या लाल शेऱ्यांवरून शिकलं. तिच्या अहवालाच्या पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं: 'वीस वर्षं मागच्या बाकावर बसून ज्यांनी वर्ग पाहिला, त्या बाबांना.' तो अहवाल मी पाहुण्यांच्या नजरेस पडेल असा ठेवत असे.

मोनाली आली तो शुक्रवार होता. पुढच्या गुरुवारी विद्यापीठाच्या विद्यापरिषदेसमोर हेमांगीचा प्रस्ताव यायचा होता: प्रयोग म्हणून काही महाविद्यालयांत चाललेला सराववर्ग सगळीकडे लागू करावा, शाळेतले सराव पाठ बंद, यापुढे सराववर्गातले गुणच धरावेत. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येणार होती.

"मोनाली, तुझा चष्मा संध्याकाळपर्यंत ठेवशील का?" मी म्हटलं.

"ठेवा की सर. मला तसंही सासूबाईंना आंघोळ घालायचीय. धोब्याकडं पण जायचंय."

दुपारी मी चष्मा चढवला. शिकवून मला दहा वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांचे पाठ तपासणारा मी स्वतः फारसा चांगला शिक्षक कधीच नव्हतो.

वर्ग उभा राहिला. चाळीस मुलं 'नमस्ते सर' म्हणत उठली. तिसऱ्या बाकावर एका मुलीच्या वेणीची रिबीन सुटली होती. मला इतकं बरं वाटलं की मी काय करायला आलो ते क्षणभर विसरलो.

मी अपूर्णांकांची बेरीज घेतली आणि मुद्दाम चुकीची शिकवली. फळ्यावर लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. उत्तर, दोन पंचमांश.

"बघा हं," मी म्हटलं, "अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, आणि झाली अर्ध्यापेक्षा कमी. समजलं?"

"हो सर!" चाळीस तोंडांनी सांगितलं.

कुणाची भुवई वर गेली नाही. खऱ्या वर्गात निदान एकानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं असतं. मी विचारलं, "कोण सांगेल पुन्हा?" हात वर झाले, उजवे आणि डावे. एका उजव्या हाताला मी उठवलं. वेणीवालीच होती ती. तिनं माझी चूक जशीच्या तशी, स्वच्छ आवाजात म्हणून दाखवली.

आणि मग तिनं मागे वळून पाहिलं.

शेवटच्या बाकाकडे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. तिथे कोणीच नव्हतं. ती क्षणभर तिकडे पाहत राहिली आणि खाली बसली. मी दुसऱ्याला उठवलं. त्यानंही उत्तर दिलं आणि तिकडेच पाहिलं. तिसऱ्यानंही.

तो कोपरा कुठला, हे मला कोणी सांगायला नको होतं. ऊन वहीवर पडावं म्हणून मी नेहमी तिथेच बसायचो.

मी आमच्या बैठकीच्या खोलीत सहा पावलं चाललो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. चष्म्यात मी शेवटच्या बाकावर पोहोचलो होतो. चाळीसही मुलं वळून माझ्याकडे बघत होती. भ्यालेली नव्हती, फक्त थांबली होती, आपलं बरोबर झालं का हे कळायची वाट बघत.

मी चष्मा काढला.

यंत्रानं काहीही चूक केली नव्हती. त्याला अकराशे बसवलेले पाठ दाखवले आणि तो खेळ ते इमानानं शिकलं. आता त्याच खेळावर शिक्षक तयार होत होते. मुलं 'हो सर' म्हणतात म्हणजे त्यांना समजलं असं ते धरून चालत. दोन तुकड्या बाहेरही पडल्या होत्या. त्या आज कुठल्यातरी गावात खऱ्या मुलांसमोर उभ्या होत्या.

मला हे सगळं आधी माहीत नव्हतं का? होतं. पाठाच्या आदल्या दिवशी कुठल्या मुलाला कुठला प्रश्न येणार हे ठरलेलं असायचं, हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या पाठाला मीही मधल्या सुट्टीत चार मुलांना उत्तरं सांगून ठेवली होती. पाठ घेणाऱ्या घाबरलेल्या मुलामुलींचे गुण कापायला मन होत नसे. तो माझा चांगुलपणा आहे अशी माझी समजूत होती. आता वाटतं, वाद घालायची भीती होती.

संध्याकाळी मोनाली चष्मा न्यायला आली. मी पाहिलेलं तिला सांगितलं. ती चष्म्याचा पट्टा गुंडाळू लागली.

"मग तुम्ही हेमांगीताईंना सांगणार?"

"सांगायला हवं असं वाटतं."

"सर, सराववर्ग बंद झाला तर पुन्हा शाळेत पाठ. शाळा तालुक्याला. सकाळी सातची एसटी. सासूबाईंना कोण बघणार? हे आता पाळीवरून येऊन झोपतात." तिचा आवाज चढला नाही. "मी सासूबाईंच्या उशाशी बसून शिक्षक झालेय सर. खोटा असेना का वर्ग, मला तेवढाच मिळाला होता."

मी म्हटलं, "तुझं म्हणणंही बरोबर आहे."

"हे तर तुम्ही सगळ्यांनाच म्हणता," मोनाली म्हणाली आणि गेली.

शनिवारभर मी न सांगण्याची कारणं जमवली. हेमांगीची सात वर्षं होती, मोनालीसारख्या शेकडो जणी होत्या. शिवाय एका म्हाताऱ्याचं निरीक्षण चुकीचंही असू शकतं. कुंदा लसूण सोलत ऐकत होती.

"आणि चौथं कारण?" ती म्हणाली.

"चौथं कुठलं?"

"अहवालाचं पहिलं पान. ती ते फाडेल याची भीती."

एकतीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलेल्या बाईपासून काही लपत नाही.

हेमांगीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. लहानपणी ती फार हुशार म्हणून ओळखली जायची. संध्याकाळी मी तिला गणित शिकवायचो. एकदा सांगितलं की ती म्हणायची, "समजलं, बाबा." दुसऱ्यांदा कधी सांगावं लागलं नाही. मी हे महाविद्यालयात सगळ्यांना सांगायचो. मी तिला इंग्रजी माध्यमात घातलं होतं. ज्या शाळांत आमच्या महाविद्यालयाची मुलं पाठ घ्यायला जात, त्या मला माझ्या मुलीसाठी पुरेशा वाटल्या नव्हत्या. त्यामुळे डाव्या हाताची युक्ती तिनं कधी पाहिलीच नाही.

रविवारी ती अकराच्या सुमारास आली. आल्या आल्या आईला म्हणाली, "आई, भूक लागलीय. आणि बाबांचा चेहरा असा का झालाय? पुस्तक हरवलं का?"

"तुझ्याशी बोलायचंय त्यांना," कुंदा म्हणाली. "कालपासून तालीम चाललीय."

आम्ही खिडकीजवळ बसलो. मी कागदावर मुद्दे काढून ठेवले होते, जुन्या सवयीनं. वाचता वाचता ओळ चुकलो आणि मग तसंच सांगत गेलो. डावे हात, चुकीचा अपूर्णांक, मागचा कोपरा.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "डाव्या हातांची शंका आमच्याकडेही एकीनं काढली होती. कॅमेऱ्याची प्रतिमा आरशासारखी उलटी आली असेल, म्हणून आम्ही सोडून दिलं. आणि मागे बघणं... ते आम्ही लक्ष विचलित होण्यात मोजलं. म्हणजे अकराशेच्या अकराशे पाठ?"

"काही खरे असतील. कुठले, ते मला आता सांगता येणार नाही."

"तुमच्या वह्यांत हे कुठेच नाही."

"नाही."

"मी डिस्क न्यायला आले तेव्हा तुम्ही मला कपाटाची किल्ली दिलीत. चहा दिलात. दोन दिवस माझ्याबरोबर बसून पाठांची यादी केलीत. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"तू इतकी आनंदात होतीस, मला..."

"समजलं, बाबा," ती म्हणाली.

अगदी तोच स्वर. सपाट, नीटनेटका. आणि हे म्हणताना तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, एक क्षण, आपलं बरोबर झालं का ते बघायला. मग ती उठली आणि खांद्याला पर्स अडकवली. "मी निघते. आईला सांगा, पुन्हा येईन."

तशी नजर मी परवा दुपारी चाळीस वेळा पाहिली होती.

गुरुवारी काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण लोक तेच विचारतात. हेमांगीनं विद्यापरिषदेत स्वतः उभं राहून प्रस्ताव मागे घेतला. कारणं सांगताना तिनं माझं नाव घेतलं, माझी चूकही सांगितली. ती सांगायलाच हवी होती. प्रकल्पाचं प्रमुखपद तिच्याकडून गेलं. बाहेर पडलेल्या दोन तुकड्यांना पत्रं गेली. आता पुन्हा चित्रीकरण सुरू झालं आहे, या वेळी निरीक्षकाशिवाय. तिथे मुलं जांभया देतात, भांडतात आणि पुष्कळ वेळा गप्प बसतात. असा सराववर्ग तयार व्हायला अजून तीन वर्षं लागतील म्हणतात. मोनालीचे ब्याण्णव गुण रद्द झाले. महिनाभर ती आमच्या दारावरून मान वळवून जात होती. पुढे हेमांगीनं भांडून एक नियम करून घेतला, की घराजवळची कुठलीही शाळा चालेल. मोनाली आता मंगळवारी आणि शुक्रवारी मागच्या गल्लीतल्या शाळेत पाठ घेते. तेवढा दीड तास कुंदा तिच्या सासूजवळ बसते. परवा मोनाली सांगत होती, "सर, खरी मुलं हातच वर करत नाहीत हो. डोकं उठतं." तिला पहिल्या पाठाला एक्कावन्न पडले. दोन पाठ अजून बाकी आहेत आणि पास होईल की नाही याची तिला खात्री नाही. मलाही नाही.

पण त्या रविवारी हेमांगी दारापर्यंत गेली होती, तिथे परत जातो.

मी आयुष्यात कोणाला पुन्हा प्रश्न विचारला नव्हता. विद्यार्थ्यानं समजलं म्हटलं की मी वहीत खूण करायचो आणि पुढे जायचो. त्यात दोघांचीही सोय असे.

"हेमा," मी म्हटलं, "खरंच समजलं?"

ती वळली. तिला राग आला असावा असं मला वाटलं. ती काही बोलेना. मीही बोललो नाही. वर्गात प्रश्न विचारल्यावर थांबावं, किमान पाच सेकंद थांबावं, हे मी वीस वर्षं इतरांना सांगितलं होतं. स्वतः कधी थांबलो नव्हतो. पाच सेकंद फार मोठे असतात.

"नाही," ती म्हणाली.

ती परत येऊन खुर्चीत बसली. पर्स मांडीवरच होती.

"नाही समजलं, बाबा. मुलं का खोटं बोलली ते समजलं. यंत्र काय शिकलं तेही समजलं. माझ्याशी तुम्ही का बोलला नाहीत, ते नाही समजलं. आणि मला अपूर्णांकांची बेरीजसुद्धा तेव्हा समजली नव्हती. सहावीपर्यंत नाही. तुम्ही इतके खूश व्हायचात, की मी शाळेत जाऊन मैत्रिणीकडून शिकून यायचे." तिनं पर्स खाली ठेवली. "परत सांगा. पहिल्यापासून. आणि तो कागद नको."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या परीक्षेच्या पाठापासून, मधल्या सुट्टीत उत्तरं दिलेल्या त्या चार मुलांपासून सुरुवात केली.

तिनं मला तिसऱ्याच वाक्याला अडवलं. "थांबा. हे नाही कळलं. तुम्हाला भीती नक्की कोणाची होती?"

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा अडवलं. आतून कुंदानं पानं वाढल्याची हाक मारली, थोड्या वेळानं आणखी एकदा मारली. मग ती दारापर्यंत आली, आमच्याकडे पाहिलं, आणि वरणाचं पातेलं झाकून ठेवायला आत गेली.